सुजलेल्या भिंतीतले माझे टाके

माझी पणजी पिंजऱ्यातला चेंडू, आजी धातूची तबकडी, आई डुकराच्या हृदयातून आलेली झडप. आणि मी, जनावराच्या हृदयावरील पातळ आवरणातून शिवलेली, हृदयाच्या कृत्रिम झडपांच्या त्याच घराण्यातली एक जुनी झडप आहे. मित्रांनो, ताठ बसा आणि ऐका.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या हृदयात, महाधमनीच्या तोंडाशी, मला टाके घालून बसवले. त्या धमनीला वारंवार सूज येण्याचा आजार होता. तरीही प्रत्येक ठोक्याला मी उघडले, मिटले. तपासणीत डॉक्टर माझी वाखाणणी करीत. पुढे माझ्या पाकळ्या ताठरल्या. तिला दोन पायऱ्यांत धाप लागू लागली आणि नेमक्या त्याच वेळी तिने धमनीची सूज आवरणाऱ्या गोळ्या सोडल्या.

"या गोळ्यांनी तोंड फुग्यासारखं झालंय, वन्सं. आरसासुद्धा ओळखत नाही."

"मी ओळखते ना? गिळा मुकाट्याने," तिची नणंद म्हणाली. वहिनीने गोळी गिळली नाही; सुयांच्या डबीत टाकली.

सूज परतली. माझे टाके धरून ठेवणारी भिंत मऊ पडू लागली.

"छाती पुन्हा उघडणं धोक्याचं आहे," डॉक्टर म्हणाले. "मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळीने नवी झडप नेऊ, जुनीच्या आत बसवू. पण सूज उतरल्यावरच."

"तिला श्वास पुरत नाही, आणि तुम्ही थांबा म्हणता?" नणंदेने विचारले.

"ओल्या भिंतीत खिळा ठोकता का, ताई?"

त्यानंतर नणंद रोज गोळी देऊन समोर उभी राही. "आ करा. जीभ वर."

"तुम्ही पोलिसात शोभला असता."

"तुमच्यासारखे चोर असते, तर गेलेच असते."

सूज उतरली. श्वास मात्र पार आटत चालला होता. अखेर नळी माझ्यापर्यंत पोहोचली. हृदयाला मुद्दाम इतक्या वेगाने धडधडवले की रक्त पुढे सरकेना. नळीच्या टोकावरचा फुगा फुगला, नव्या झडपेने माझ्या पाकळ्या कडेला रेटल्या. टाके सुटते, तर आम्ही दोघी वाहून गेलो असतो, आणि ती बाईही वाचली नसती. मी माझे शिवलेले कडे आवळून धरले.

फुगा मिटला. एक ठोका पडला. मग दुसरा. नवी पाकळी उघडली.

मित्रांनो, चेहरा बदलला म्हणून औषध सोडू नका. तुमच्या आत कोणीतरी मुकाट्याने भिंत धरून उभे असते. मला घडवण्यासाठी एका मुक्या जनावराचे हृदय थांबले होते. त्याचे ऋण मी आजवर वाहिले. आज माझ्या आधाराने एक हृदय चालते राहिले. ते ऋण पुरते फिटले.