रखमाजीचा लाकडी घोडा

"ह्यो घोडा म्हनं!" शेजारच्या जालिंदरनं कुंपणावर कोपरं टेकवली. "आवं रखमाआप्पा, चांगली गाभण म्हस दिसतीया की! कवा वेणार ते तेवढं सांगा, चिकाला भांडं घिऊन येतो."

"तुझ्या घरी धड भांडं हाय का, ते बघ आदी," रखमाजी वर न बघताच म्हणला आन् बाभळीच्या खोडावर आणिक एक घाव घातला.

खरं सांगायचं तर जालिंदरचं काय चुकीचं नव्हतं. घोड्याचं पोट हे एवढं मोठं आन् मान एवढीशी. कान म्हणून जुन्या चपलंचं दोन तुकडं ठोकलेलं. खाली मोडक्या बैलगाडीच्या चाकाचं दोन वाकडं तुकडं बसवलं, तवा ते जनावर डुलाया लागलं, पण डुलताना एका अंगाला कलायचं. शेपटीला काय मिळंना, तर रखमाजीनं बायकोची नवी केरसुणीच सोडली.

"माझी केरसुणी!" अनसाबाई वसरीतनं वरडली. "आता अंगण काय घोड्याच्या बुडानं झाडू?"

"झाड की. घोडा गरीब हाय, लाथ न्हाई मारायचा."

हसण्यावारी चाललं हुतं, पण रखमाजीचा हात थांबत नव्हता. लेक हनुमंत कारेगावला कंपनीत लागला हुता, तिथंच खोली घेतलेली. आता सून सोनमलाबी पॅकिंगचं काम मिळत हुतं. आन् दोन नातवंडं, चार वर्साची हर्षदा आन् बोबडा रुद्र, संगं न्यायची का हितं गावी न्हावऱ्यात ठेवायची, यावर घोडं आडलं हुतं.

सोनमनं सरळच सांगितलं हुतं. "मामा, मी काय पोरं तोडाय निघाले न्हाई. पण घरामागं कालव्याची चारी वाहती. परवा रुद्र काठावर बसून पाय बुडवत हुता. तुमचं गुडघं असलं, आत्याबाई रानात. पोरं अंगणात रमली तर ठेवते. न्हाई रमली तर नेते."

तवापास्नं रखमाजी बाभळीच्या खोडाला लागला हुता.

आन् घोडाच का? तर त्याला दुसरं काय ठावंच नव्हतं. कालव्याचं पाणी आलं, मेंढरं इकली, कांदा लावला, हे सगळं नंतरचं. त्याच्या आदी ह्या धनगराचं अख्खं घर घोड्यावर हुतं, मेंढरांमागं दरसाल कोकणात उतरायचं. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, कोंबड्यांशेजारी कोकरू आन् कोकराशेजारी लेकरू. चालाय शिकायच्या आदी रखमाजी घोड्यावर बसाय शिकला हुता.

घोडा उभा ऱ्हायला आन् पोरं त्यावरनं उतरंनात. जेवण घोड्यावर, भांडण घोड्यावर. रुद्र त्याच्या तोंडाला भाकरी लावायचा आन् खाईना म्हणून त्यालाच चापट द्यायचा. हर्षदा पुढं बसून "कोकनात चाल्लो, कोकनात चाल्लो" करायची. चारीकडं कुणी फिरकलं न्हाई. सैपाकघरातनं बघता बघता एकदा सोनमबी खुदकन हसली. रखमाजीनं ते बघितलं आन् त्या राती दोन भाकरी ज्यास्त खाल्ल्या.

मग ती मंगळवारची दुपार आली. सोनम कारेगावला कंपनीत नाव द्यायला गेलेली, अनसाबाई खुरपायला. पोरं घोड्यावर डुलत्यात, रखमाजी वसरीत बसलेला, आन् आली की लाइट! आदल्या दिसापास्नं गेलेली लाइट, कांदा पार माना टाकून पडलेला. आता मोटर चालू करून पाणी न्हाई धरलं तर पुन्यांदा कवा यील ते वायरमनलाबी ठाव नसतं.

पोरं मोकळी सोडावी तर चारी. संगं न्यावी तर रानातली उघडी हीर. रखमाजीनं डोक्यानं इचार केला न्हाई, हातानं केला. आड्याला लोकरीची दोरी हुती ती काढली, दोघांला पोटाला आन् मांडीला येढा दिऊन घोड्याला बांधलं आन् पळाला. पोरं खूश. डुलत डुलत तशीच झोपली.

आन् सोनम नेमकी तवाच यष्टीतनं उतरून दारात आली.

तिनं काय बघितलं? ओकंबोकं अंगण, उनाची तिरीप, आन् दोन्ही लेकरं दोरीनं जखडलेली, माना खाली लोंबत्यात.

"अगं बया! माझी पोरं!"

अख्खी आळी गोळा झाली. पोरं दचकून उठली, आय रडतीया म्हणून तीबी रडाय लागली. सोनम गाठीला नखं लावतीया, दात लावतीया, गाठ हालंना. तेवढ्यात गुडघ्यापतूर चिखलानं माखलेला रखमाजी धापा टाकत आला. एका हिसक्यात गाठ सुटली.

"तुम्ही बांधली?"

"म्याच. पडू नयेत म्हणून..."

"जनावरागत?"

"जनावरागत न्हाई गं! लेकरागत बांधली!"

ह्यो काय जबाब झाला? सोनमनं रुद्रची मांडी पुढं केली. तांबडा वळ उठला हुता.

ऐतवारी हनुमंत टेंपो घिऊनच आला. रखमाजी त्याला एका बाजूला घेत म्हणला, "हनमा, तू सांग की तिला. कोकणात उतरताना तुला असाच बांधायचो का न्हाई? पडलास का कवा?"

सोनम हातात डबा घिऊन उभी ऱ्हायली. "तुम्हालाबी बांधलंवतं?"

हनुमंतनं कंपनीच्या शर्टाची कॉलर नीट केली. शाळंत घालायच्या आदल्या सालापतूर त्यो घोड्याच्या पाठीवर हुता, हे आळीतल्या म्हाताऱ्यांलाबी ठावं. त्यो टेंपोच्या चाकाकडं बघत म्हणला, "मला न्हाई आठवत."

रखमाजीनं गादीची एक वळकटी उचलून टेंपोत टाकली.

गाद्या चढल्या, कपाट चढलं. पोरं मात्र घोड्याच्या मानंला मिठी घालून बसली. सोडवाय गेलं की किंचाळत्यात. शेवटाला घोड्यासकट उचलून टेंपोत ठेवली, गाद्यांच्या आन् कपाटाच्या मधी. तिथनं काढून पुढं केबिनमधी न्यायला गेलं, तर हर्षदा बापाच्या हाताला चावली.

"जल्दी करो भाईसाब," डायवर घड्याळ बघत म्हणला. "बैठने दो बच्चों को वहीं."

"बसू द्या, मी बसते जवळ," म्हणून सोनम मागं चढली. टेंपो जरासा हालला आन् रुद्र तिच्या अंगावर उताणा आला. रस्ता तर पुढं सगळा खड्ड्यांचा. हनुमंतनं दोरी घेतली, बांधली. रुद्रनं एक ढकल दिली आन् गाठ गळून पडली. परत बांधली, परत तेच.

सोनम दुसरीकडं बघत बसली. मग हळूच म्हणली, "मामा... तुम्हीच बांधा."

रखमाजी टेंपोवर चढला. गुडघा कुरकुरला. ह्या खेपंला त्यानं खांद्यावरचा टावेल काढून दोरीखाली घडी घातली, वळ उठू नये म्हणून. येढा घेतला, दोरीत एक बोट घालून बघितलं, गाठ मारली. पोरांची तोंडं पुढं केली. धनगर लेकराला पुढं बघूनच बांधतो. मागं तोंड केलं की सुटलेल्या जागंकडं बघून ते रडत ऱ्हातं.

"आवळलं का रं?"

"न्हाई आबा," हर्षदा म्हणली. "कोकनात चाल्लो?"

"व्हय. कोकणात."

त्यो उतरला. टेंपो निघाला, खड्ड्यात आदळला. सगळं सामान हाललं. पोरं हालली न्हाईत. घोडा डुलाय लागला तशी हर्षदानं टाच मारली आन् "चल चल" म्हणून वरडली.

अनसाबाई पदर तोंडाला लावून टेंपोमागं चार पावलं गेली. "आवं, बघत उभं काय ऱ्हायलात? टाटा करायला लावा की त्यास्नी! एकदा मागं वळून बघा म्हणावं!"

"कशी वळतील गं," रखमाजी म्हणला. "पक्की बांधलीत म्या."