दुसरा काप

“माझ्या डोंगरावरचं एकबी फळ आज वाया जायचं न्हाई!” तोकुझोनं उजवा हात आभाळाकडं नेऊन जाहीर केलं आणि पाऊल पुढं टाकलं. ते नेमकं एका नासक्या फळावर पडलं. एकोणऐंशी वर्षांचा तो देह चार शहरी पाहुण्यांसमोर फतकल मारून बसला.

“एक गेलं वाया,” खालच्या पायरीवजा तालीवरून त्याची बायको तामियो म्हणाली. “आता उठा, आनि बाकीची तोडा.”

पाहुणे मनापासून हसले. त्यांना वाटलं, हे कार्यक्रमातलंच असणार. टोकियोहून आगगाडी, बस आणि होडी बदलत ते या बेटावर फळं तोडायला आणि मुरांबा करायला आले होते. सहलीच्या कागदावर त्याला ‘डोंगरावरचा एक निवांत दिवस’ असं म्हटलं होतं. कागद लिहिणारा या डोंगरावर कधी चढला नसावा.

तोकुझोला निवांतपणा परवडणारा नव्हता. फळ सोसायटीची बोट चारला धक्क्याला लागणार होती. सोसायटीचं पत्र महिन्यापूर्वीच आलं होतं: यंदा बेटावरून पन्नास पेट्या निघाल्या नाहीत, तर बोट पुढं इथं थांबणार नाही. त्याच बोटीनं तामियोच्या छातीच्या गोळ्या यायच्या, गॅसची टाकी यायची, टपाल यायचं. बोट बंद झाली म्हणजे ओसाकाला लेकीकडं, सातव्या मजल्यावर जायचं. लेकीनं खोली मोकळी करून ठेवली होती. खोलीला खिडकी होती. खिडकीतून दुसरी खिडकी दिसायची.

बेटावर चुली पेटणारी घरं तीन उरली होती, आणि झाडावर चढता येईल असा माणूस एकही नाही. शेजाऱ्यांच्या ताली रानडुकरांनी केव्हाच उकरून टाकल्या होत्या. तोकुझोचा खुबा गेल्या पावसाळ्यापासून कुरकुरत होता. झाडं मात्र बेशरमासारखी लदबदली होती. संत्र्याहून मोठी, जाड सालीची पिवळी फळं थेट समुद्रापर्यंत लोंबत होती.

“हे बगा,” तोकुझोनं कात्री घेतली. “फळ असं धरायचं. कात्री अशी लावायची.” चिक. “झालं. ध्यानात आलं?”

“आलं, आजोबा!” मिनेगिशी बाई म्हणाल्या. त्या चौघांच्या म्होरक्या. गळ्यात टॉवेल, हातात मोबाईल. फळापासून म्हाताऱ्याच्या पायातल्या रबरी बुटापर्यंत सगळ्याचं चित्रण चाललेलं.

आणि माणसं खरंच कामाची निघाली. दोघं झाडावर, एक जण पेट्या भरायला. फळं वाहायची एकरुळी गाडी खडखडत डोंगर उतरायची, रिकामी होऊन पुन्हा चढायची. चौथी पोरगी तामियोजवळ, गळून पडलेल्या फळांची साल चिरत बसलेली. दोनदा उकळून कडू पाणी ओतलं, मुरांबा आळायला बियांची पुरचुंडी पातेल्यात सोडली, आणि दोनच्या सुमाराला मुरांब्याच्या चोवीस बरण्या भरल्या. पाहुण्यांनी हौसेनं त्यांवर आपापली नावंही चिकटवली.

तीन वाजता धक्क्यावर त्रेपन्न पेट्या मांडलेल्या होत्या. तोकुझोनं मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि सगळ्यात वरच्या पेटीतल्या फळावरून नातवाच्या टाळूवरून फिरवावा तसा हात फिरवला.

“आय् गं!”

बोटाला रक्त आलं होतं. त्यानं फळ उचलून देठ बघितला. दुसरं उचललं. तिसरं. मग तो दुसऱ्या पेटीकडं गेला, मग शेवटच्या, आणि तिथंच खाली बसला.

सगळ्या फळांना बोटभर काटकी तशीच होती.

फळ दोनदा कापायचं असतं. पहिला काप फांदीवरून सोडवायला, दुसरा देठाशी अगदी भिडवून. तो राहिला की काटकी शेजारच्या फळात घुसते, आणि तीन दिवसांत पेटीभर हिरवी बुरशी. बेटावरच्या पोरांना हे नाक पुसायच्या आधी कळतं, म्हणून कुणी कुणाला सांगत नाही.

“एकदाच कापायला कुनी शिकिवलं तुमाला?” तोकुझो ओरडला.

“तुम्हीच की, आजोबा,” मिनेगिशी बाई घाबरून म्हणाल्या, आणि त्यांनी मोबाईल पुढं केला. चित्रात तोकुझोचा हात होता. चिक. फळ सुटलं. बाईंनी तेच चित्र अगदी सावकाश करून दाखवलं.

चिक... चिक.

साठ वर्षांत तोकुझोच्या हातानं दुसरा काप पहिल्याच्या पोटात असा दडवला होता, की तो आता त्याला स्वतःलाही दिसत नव्हता.

“पोरीला फोन लाव,” तो बायकोला म्हणाला. “म्हनावं, येतोय. खिडकी उघडून ठीव.”

“ती खिडकी उघडत न्हाई. मी इचारलंय.” तामियोनं पेटी उलटी केली. “बसलायसा काय? कात्री घ्या. टोचलेलं फळ पातेल्याकडं, धड फळ पेटीत. अवो बाई, तो मोबाईल ठेवा खाली, हात लागतील.”

सहा माणसं धक्क्याच्या दगडावर गुडघे टेकून बसली. वारा अंगाला चावत होता. नुसतं चिक, चिक, चिक. तोकुझो प्रत्येक टोचलेलं फळ बाजूला टाकताना सातव्या मजल्याचा एकेक जिना चढत होता. बोटीची शिट्टी ऐकू आली तेव्हा एकोणपन्नास पेट्या भरल्या होत्या. पन्नासावीत जेमतेम दोन थर फळं होती, आणि डोंगर चढायला वेळही नव्हता.

मिनेगिशी बाई उठल्या. पेटीतली फळं काढून, आपल्या सामानातल्या बरण्या तळाशी लावू लागल्या.

“अवो, तुमच्या हायत त्या,” तामियो म्हणाली. “नावं लिवलीयत.”

“नावं खाली करून ठेवते, आजी.” वर ते दोन थर फळांचे घातले. पेटी भरली.

बोटवाला इवाओ, गावाचाच जावई, मोजत मोजत पेट्या आत घेऊ लागला. पन्नासावी उचलली आणि थांबला. हलवली. आतून किणकिण झाली.

“फळं वाजत्यात की, म्हातारबा.”

“यंदा साल कडक हाय,” तोकुझो समुद्राकडं बघत म्हणाला.

इवाओनं पाहुण्यांची ओरखडलेली बोटं पाहिली. तामियोचं छातीवर दाबलेलं मनगट पाहिलं. धक्क्याकडेला टोचलेल्या फळांचा ढीग पाहिला. मग वहीत लिहिलं: पन्नास.

तोकुझो दोन पावलं मागं सरकला, तो रिकाम्या पेटीवर अडखळला. तामियोनं त्याला मागून पाठीला धरलं.

“पर एक सांगतो,” इवाओ दोर सोडत म्हणाला, “फुडल्या साली साठ मागनार म्हनं.”

तोकुझोनं आपल्या खुब्याकडं बघितलं, डोंगराकडं बघितलं, आणि उजवा हात पुन्हा आभाळाकडं नेला. “साठ काय, माझा डोंगर शंभर दील! सांग जा सोसायटीला!”

बोट धक्क्यापासून हातभर सुटली. इवाओनं पन्नासाव्या पेटीत हात घातला, अंदाजानं चाचपून एक बरणी बाहेर काढली, आणि तो ओरडला,

“काकी! घरात एखादा चमचा असंल तर फेका की हिकडं!”