हातचा घास

झारकेंत गावाजवळच्या सासरच्या घरात पाहुणे जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती बसले आणि समोवारपाशी चहा ओतणाऱ्या बालझानच्या पोटात गोळा आला. पोट म्हणण्यासारखं तिथे फारसं उरलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी. रक्तातली साखर आटोक्यात येईना, वजन उतरेना, म्हणून वसंतात अल्माटीच्या डॉक्टरांनी तिचं जठर कापून केळ्याएवढं केलं होतं. हे ठाऊक होतं फक्त नवऱ्याला, तोलेगेनला. सासऱ्यांना सांगितलं होतं, पित्ताचा खडा काढला. सासूबाई पोटाच्या अशाच एका ‘साध्या’ ऑपरेशननंतर वाळत वाळत गेल्या होत्या. म्हाताऱ्याला खरं सांगायची छाती कोणाला होणार?

डॉक्टरांनी बजावलं होतं: आधी मटण, अंडी, दही, मग बाकीचं, तेही बारीक चावून, सावकाश. जेवताना पाणी नको, जीवनसत्त्वांच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. आता लपूनछपून हे कसं जमावं? बालझान सगळ्यांबरोबर वाटीभर रस्सा घशाखाली ढकलून उठे. पिठाच्या डब्यात दडवलेल्या गोळ्या निम्म्या वेळा तशाच राहत. वजन झरझर उतरत होतं, पण चरबीबरोबर अंगातला जोरही चालला होता. केस मुठीने गळत. काल कणीक तिंबताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा ती फार घाबरली.

"तोलेगेन, बायकोला उपाशी ठेवतोस की काय?" शेजारची कुल्याश म्हणाली. "आधी दारात मावत नव्हती, आता दारात उभी राहिली तरी दिसत नाही."

तोलेगेन नुसता हसला. बालझानला त्याचा मनस्वी राग आला.

जेवण संपत आलं तसे सासरे, ओराझबाय, थाळीवर वाकले. वडीलधाऱ्याने शेवटी धाकट्यांच्या तोंडात मूठभर मटण भरवायचं, ही तिथली रीत. तो आशीर्वादच, तोंड फिरवलं की तो झिडकारला. त्यांनी मूठ गच्च भरली: मटण, शेपटाची चरबी, उकडलेल्या पिठाच्या चकत्या.

"ये पोरी. मेंढी तुझ्यासाठीच कापलीय."

ती पुढे जाऊन गुडघ्यांवर बसली. एवढं आत गेलं तर छातीत अडकणार. परवा अर्ध्या अंड्याने तिला रडवलं होतं. तिने वर पाहिलं. म्हातारा तिच्याइतकाच भ्यालेला होता.

"बाबा, खडा नव्हता," ती म्हणाली. "माझं जठर कापून लहान केलंय. माझ्याच मर्जीने. एवढं नाही मावणार."

तोलेगेनने मान खाली घातली.

"म्हणजे तुझ्या सासूसारखं नाही?" ओराझबायांनी हळूच विचारलं.

"नाही बाबा. पण असंच खात राहिले तर तसं व्हायला वेळ लागणार नाही."

त्यांनी मूठ थाळीत रिकामी केली. चाकू घेतला आणि बिनचरबीचा एक तुकडा चिरत चिरत नखाएवढा केला. कुल्याशने काही बोलायला तोंड उघडलं.

"तू गप बस," ते म्हणाले. "तिला चावू दे."

बालझान चावत राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने गिळलं. घास छातीत थबकला आणि तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सासऱ्यांची ओंजळ तिच्या हनुवटीखाली होती, चार पाहुण्यांदेखत, तान्ह्या पोराला धरतात तशी.

"आला बाहेर तर येऊ दे," म्हातारा म्हणाला. "दुसरा चिरतो."