शंकेला नऊ गुण

सकिउसा मामांवर माझा संशय बसला तो तिसऱ्या आठवड्यात.

आमचं काम सोपं होतं. बोटीतून फिजीतल्या सुवाला उतरलेल्या पाहुण्यांना गाठायचं, या शहराबद्दल मनात काय येतं ते विचारायचं, आणि आनंद, शांती, कंटाळा, भीती, शंका यांना दहापैकी गुण द्यायला लावायचे. प्रेमिला मॉलच्या दारात उभी राहायची. तिच्याकडे आनंदाला आठ, नऊ. मामा धक्क्याच्या फाटकाशी. त्यांच्याकडे शंकेला नऊ. जर्मन तरुण असो की ब्रिस्बेनची म्हातारी, नऊच.

इतका एकसारखा आकडा माणसं देत नाहीत. घरी बसून फॉर्म भरणारा देतो. आदल्या वर्षी एका पठ्ठ्याने आंब्याखाली याकोना ढोसत साठ फॉर्म रंगवले होते आणि बोलणी मी खाल्ली होती.

"म्हातारा थापा मारतोय का गं?" मी प्रेमिलाला विचारलं.

"मला काय माहीत, लोसालिनीताई? पण कागद बघा त्यांचे. एक घडी नाही, घामाचा डाग नाही. भर उन्हात भरलेला फॉर्म असा इस्त्रीचा असतो होय?"

झालं. मंगळवारी सकाळी बोट लागली तशी मी फाटकासमोरच्या रोटीच्या गाडीमागे जाऊन उभी राहिले.

मामा वेळेवर आले. कमरेला कडक सुलू, पांढरा शर्ट, हातात फॉर्म अडकवलेली पाटी. एका गोऱ्या बाईपुढे जाऊन हसून म्हणाले, "बुला! आपलं नाव काय?"

बाईने पर्स छातीशी धरली. "नाव कशाला हवंय?"

"पुढे चल!" तिचा नवरा ओरडला. "नाव सांगितलं की लाकडी तलवारीवर कोरतात आणि गळ्यात मारतात!"

खोटं नव्हतं. दहा पावलांवर दोन तलवारवाले तेच करत होते. मॉलच्या दारात त्यांना उभं राहू देत नसत.

"माझ्याकडे तलवार नाही हो बाई, प्रश्न आहेत," मामा म्हणाले आणि चालत राहिले. पिच्छा सुटावा म्हणून तिने उत्तरं दिली. शंकेला नऊ. पुढच्यानेही नऊच दिले. मामांनी एकेक भरलेला फॉर्म काखेतल्या जाड भजनांच्या वहीत अलगद ठेवला.

फॉर्मवर नावाची ओळ सगळ्यात वर मीच घातली होती. आंब्याखालच्या त्या प्रकारानंतर. कोणी खोटे फॉर्म भरू नयेत म्हणून.

"रोटी घ्यायला आलीस की मला बघायला?"

मामा समोर उभे होते.

"मामा, मला वाटलं..."

"काय वाटलं ते कळलं. तीस वर्षं गणित शिकवलंय, पोरी. कॉपी पकडायला मास्तर कुठे उभा राहतो ते मला ठाऊक आहे. तू अगदी तिथेच उभी होतीस."

"तुम्ही आधी सांगायचं नाही का, लोक नावाला बिचकतात म्हणून?"

"फॉर्म साहेबांचा असेल, असं समजलो. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

तीन आठवड्यांचे धक्क्यावरचे फॉर्म बाद करा, चूक माझी आहे, असं मी वरिष्ठांना लिहून दिलं. नावाची ओळ काढली. पुढच्या बोटीला शंका चारवर उतरली. वरून लगेच फोन आला: "आकडे एवढे कसे पडले? तिथे कोणी फेरफार तर केला नाही ना?"

मामांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मग तू माझ्याशेजारी उभी राहा. दोन साक्षीदार बरे."

चार बोटींपर्यंत मी उन्हात उभी राहिले. ते कामापुरतं बोलायचे, दुपारी पाठ फिरवून कसावा खायचे. पाचव्या बोटीच्या दिवशी त्यांनी पानावरचा अर्धा कसावा माझ्याकडे सरकवला. मी खायला लागले आणि माझी नजर त्यांच्या फॉर्म ठेवलेल्या वहीवर गेली. त्यांनी पाहिलं. वही उचलून माझ्या मांडीवर ठेवली, आणि समुद्राकडे तोंड करून खात राहिले.