प्रश्नाला लावलेली चाल

गयासभाई चाळीस वर्षं वेरूळच्या लेण्यांत गाइड होते. बोलणाऱ्याची अंबाडी विकते आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत म्हणतात. गयासभाईंनी तर नुसता दगड विकला, तोही परदेशी लोकांना, त्यांच्याच भाषेत. त्यांच्यापैकीच कुणीतरी जाताना जॅझची एक कॅसेट देऊन गेलं आणि हा माणूस त्या गाण्यांचा झाला तो झालाच. काम कायमचं सुटल्यावर रोज सकाळी दहाला चहा घेऊन ते इंटरनेट जोडलेल्या टीव्हीपुढं बसत. एकच जुनं गाणं पाचसहा गायकांच्या तोंडून ऐकत आणि लेकीला, लुबनाला, हाक मारत. "बघ, हा टकल्या कशी घाई करतो! अन् ही चष्मेवाली बघ. शब्द तोंडात धरती, सोडतच नाय. लई अवघड असतं ते."

गेल्या जूनमध्ये त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. पाणी मागता येईना. पण टीव्ही लावला की चष्मेवालीबरोबर त्या जुन्या गाण्याची पहिली इंग्रजी ओळ अख्खी, स्वच्छ गात. त्यांची बायको जैतुनबी आधी रडली, मग चिडली. "मला जैतुन म्हणता येत नाय, अन् त्या बाईसंगं गातंय बुढ्ढं!"

लुबनाचा निकाह डिसेंबरात होता. निकाहात नवरीच्या वतीनं बोलणारा वकील म्हणून तिची रजामंदी, तिचा होकार विचारायला अब्बांनीच यायचं, हे तिनं लहानपणीच ठरवून टाकलं होतं. बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं राहतं. चालीत शब्द बसवून बघा. झालं, लुबनानं कंबर कसली. "लुबना बेटी, कबूल है?" एवढेच शब्द तिनं त्या ओळीवर बसवले. बाकीच्या गायकांना रजा मिळाली. उरली ती चष्मेवाली, कारण ती संथ होती, आणि तिचीही एकच ओळ. रिमोट लुबनाच्या हातात. थांबव, मागं घे, पुन्हा लाव.

"अब्बा, इंग्रजी नाय. माझं नाव घ्या."

अब्बा 'लु'पर्यंत येत. कपाळावर घाम फुटे. पुढं इंग्रजीच बाहेर पडे.

"पुन्हा."

"बस कर गं," जैतुनबी म्हणाली. "निदान गाणं तरी ऐकू दे त्यांना."

"अम्मी, 'लु' आलं ना? 'बना'बी येईल."

आशेनं माणूस आंधळा होतो. गाणं लागलं की अब्बांची मान डोलायची, ती केव्हाच थांबली होती. लेकीच्या ते ध्यानातही आलं नाही.

निकाहाच्या दिवशी गवाह आले, अब्बांना खुर्चीसकट तिच्यासमोर आणून बसवलं. मागं जैतुनबीचे भाऊ, याह्यामामू, उभे. अब्बांनी तिच्याकडं बघितलं. "लु..." मग ती इंग्रजी ओळच सुरू झाली आणि बायकांमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. अब्बांनी तोंड मिटलं. डाव्या हातानं मेहुण्याची बाही ओढून त्यांना पुढं केलं. मामूंनी विचारलं. लुबनानं कबूल म्हटलं, पण आपण उत्तर कुणाला देतोय तेच तिला कळेना. आतून ती पार तुटून गेली होती.

निकाहानंतरच्या पहिल्या जुम्म्याला, शुक्रवारी, ती गंगापूरच्या सासरहून माहेरी आली. शिकवणी संपली, आता त्यांना सुखानं ऐकू द्यावं, असं मनाशी म्हणत सकाळी दहाला तिनं टीव्ही लावला. चष्मेवाली नाही, मुद्दाम तो घाईचा टकल्या लावला.

बाजा सुरू झाला आणि अब्बांचे खांदे आखडले. गृहपाठ न केलेलं पोर मास्तरांकडं बघतं तसं ते तिच्याकडं बघू लागले. कपाळावर घाम आला.

"लु... लु..."

"नको अब्बा. नुसतं ऐका. निकाह झाला माझा."

"लु..."

तिनं टीव्ही बंद केला, त्यांचा हात धरला, तोंडावरून हात फिरवला, हात जोडले. अब्बा थांबेनात.