तेल घातल्यापासून मी गप्प आहे

मी खुर्ची बोलतेय. म्हणजे परवापर्यंत बोलत होते. आता माझी वाचाच बसलीय आणि भीतीनं जीव टांगणीला लागलाय.

माझा जन्म कारखान्यातला. युद्ध चालू असताना तिथे विमानांचे भाग बनत. युद्ध संपलं, यंत्रं रिकामी पडली, तेव्हा तिथल्या इंजिनिअरनं त्यांना खुर्च्यांच्या कामाला जुंपलं. लाकडाचे पातळ पापुद्रे गोंद लावून एकावर एक रचले, गरम साच्यात दाबले आणि माझी पाठ माणसाच्या पाठीसारखी वळली. पाय पोलादी नळीचे. पाठीमागे, पाठ नळीला धरून ठेवणाऱ्या रबराच्या दोन चकत्या, नुसत्या चिकटवलेल्या.

"स्क्रू नको," तो म्हणाला. "रबर दबलं पाहिजे. टेकणाऱ्याला वाटलं पाहिजे, हिला आपलं दुखणं कळतंय."

सुतार म्हणाले, डोकं फिरलंय याचं. मला तो भाबडा वाटला. रबरही म्हातारं होतं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला घेतलं. दिवसभर त्या यंत्रावर वाकलेल्या असत. काम संपलं की मागे टेकून "हुश्श" करायच्या, तेव्हा मलाही बरं वाटायचं. आता दुपारी त्यांची सून माझ्यावर बसते. तिचे दिवस भरत आलेत.

गेल्या हिवाळ्यात रबर वाळलं, चकत्या कडेनं सुटू लागल्या. मी हाका मारायला लागले. घरच्यांना ती कुरकुर वाटली.

"आई, डोकं उठवलंय हिनं," म्हणत मुलगा शिवणयंत्राच्या तेलाची बुधली घेऊन आला.

"अरे, रबराला कसलं तेल घालतोस?"

"सांध्याला गं. बघ आता कशी गप्प बसते."

बसले गप्प. तेलानं रबर फुगलं, गोंद सुटला. एक चकती पुरती निखळलीय, दुसरी नखभर धरून आहे. आणि माझी पाठ भिंतीकडे. कुणाला दिसणार?

काल बाई सुनेला सांगत होत्या, "कुरकुरणारं माणूस परवडलं गं. गप्प झालं की धास्ती वाटते." विषय त्यांच्या नवऱ्याचा होता. मी मनात म्हटलं, बाई, जरा इकडेही बघा.

आत्ता सून आलीय. कमरेवर हात, पावलं जड. काठावरच बसली. अशीच बस, बाळा. मागे येऊ नकोस. मला हात असते तर जोडले असते.

बाईंनी यंत्र थांबवून वर पाहिलं.

"अगं, अशी अवघडून काय बसलीस? नीट मागे टेक. या खुर्चीनं मला जन्मभर सांभाळलंय."