पट्ट्यावरचा चिखल

गाडी विकणारे निवृत्त साहेब बघायला आलेल्या जोडप्यातल्या फक्त नवऱ्याशीच बोलत होते. "पोरीसारखी जपलीय हो! वहिनींना रंग आवडला ना, मग झालं."

या वहिनी अकरा वर्षं गाड्यांची सीट कव्हरं शिवत होत्या, हे साहेबांना ठाऊकच नव्हतं. सासूबाईंना बसची पायरी चढवत नव्हती, म्हणून घरातलं किडूकमिडूक मोडून गाडी घ्यायची ठरली होती. नवरा तर केव्हाच विरघळला होता. ती गाडीत मागे बसली आणि तिने सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. कायम आत गुंडाळलेल्या टोकाला वाळलेला चिखल होता.

"साहेब, गाडी पुरात बुडाली होती."

"बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं!"

"सीटा नव्या केल्यात, पट्टे बदलायला विसरलात."

नवरा कुजबुजला, "अगं, चल, तमाशा नको."

"लबाडी यांची, आणि तोंड लपवून आपण का पळायचं?"

तेवढ्यात फाटकाशी गाडी बघायला दुसरं जोडपं आलं, बाईच्या कडेवर तान्हं मूल. साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "निघा आता, वहिनी."

ती हलली नाही. पट्टा ताणून धरत तिने हाक मारली, "ताई, आधी इकडे या. हे बघा, मग यांचं गोड बोलणं ऐका."